फ्लोरिदा रस्त्यावरचा भाव

आम्ही ब्युनोस आयर्सला राहायला गेलो तेव्हा तिथे डॉलरला एक भाव नव्हता. बँकेतला सरकारी भाव वेगळा, शेअरबाजारात रोखे घेऊन-विकून पडणारा वेगळा, आणि ज्याच्यावर शहराचं लक्ष असायचं तो आणखी वेगळा, 'दोलार ब्लू'. हा ब्लू बेकायदा. तरी रोज सकाळी वर्तमानपत्रं तो सरकारी भावाच्या शेजारी छापायची, टीव्हीच्या पट्टीवर तो दिवसभर सरकत राहायचा, आणि भाजीवाल्यापासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना तो तोंडपाठ असायचा.

नवरा खाद्यतेलाच्या व्यापारात. अर्जेंटिनाच्या सोयातेलाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक भारत, म्हणून आमचं तिकडे जाणं झालं. भाडं कंपनी भरायची. घरखर्चासाठी आम्ही पुण्याहून शंभर डॉलरच्या कोऱ्या नोटा नेल्या होत्या. २०२२च्या जुलैच्या सुरुवातीला अर्थमंत्री मार्तीन गुस्मान यांनी राजीनामा दिला आणि काही आठवड्यांत ब्लू तीनशेच्या पार गेला. बँकेत त्याच नोटेला डॉलरमागे एकशेतीसच्या आसपास पेसो मिळत होते. आमच्या इमारतीतल्या शेजारणीने मला स्वच्छ सांगितलं, "बँकेत नेऊ नका. फ्लोरिदावर जा, पण आवाज देणाऱ्याच्या मागे जाऊ नका. मी सांगते त्याच दारी जा."

फ्लोरिदा हा शहराच्या मध्यातला पादचाऱ्यांचा रस्ता. चामड्याच्या वस्तूंची दुकानं, पुस्तकांची दुकानं, आणि दर दहा पावलांवर एक बाई किंवा बुवा, "काम्बियो, काम्बियो" असं एका सुरात म्हणत उभे. पोलीस तिथून चालत जातात, आवाज थांबत नाही. या उभ्या माणसांना 'आर्बोलितो' म्हणतात. त्यांच्या हातात पैसे नसतात. ते गिऱ्हाइकाला आतल्या गाळ्यात नेऊन सोडतात, त्या गाळ्याला 'कुएवा'. शेजारणीने दिलेला पत्ता एका जुन्या व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावरचा होता. बाहेर प्रवासी कंपनीची पाटी, आत काचेमागे नोटा मोजायचं यंत्र आणि एक शांत, नीटनेटका माणूस.

त्याने माझी प्रत्येक नोट दिव्याखाली धरली, कडांवरून बोट फिरवलं. एका नोटेच्या कोपऱ्यात पेनाचा निळा ठिपका होता, ती परत आली. १९९६च्या आधीच्या, लहान चेहऱ्याच्या शंभराला ते कमी देतात, विसाच्या नोटांना तर आणखी कमी. अमेरिकेत या सगळ्या नोटा सारख्याच मोलाच्या. इथे त्यांच्यात वर्ण पडले होते. घासाघीस झाली नाही. त्याने गणकयंत्रावर आकडा दाखवला, मी मान हलवली, आणि यंत्रातून पेसो खडखडत बाहेर आले. तेव्हा देशातली सर्वांत मोठी नोट हजाराची. तीनशे डॉलरचे जवळजवळ शंभर कागद झाले. मी ते पुन्हा हाताने मोजले, त्याने मोजू दिले. हजाराची नोट उजेडाकडे धरून आतला छाप पाहायचा, हे शेजारणीने आधीच शिकवलं होतं.

त्या दिवशी आमचा महिना निम्म्या खर्चात निघाला. बाहेरून आलेले बरेच जण याला नशीब म्हणायचे, जेवणाच्या टेबलावर भावाच्या गोष्टी रंगवून सांगायचे. मला ते बोलणं सोसवत नसे, कारण या दोन भावांमधल्या दरीची दुसरी बाजू मला रोज भेटत होती. मला स्पॅनिश शिकवायला येणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या, पेन्शन पेसोत. त्या वर्षी महागाई ९४.८ टक्के होती. पेन्शन जमा झाली की त्याच दिवशी तेल, पीठ, औषधं घ्यायची आणि उरलं तर डॉलर, मग ते दहा का असेनात. सरकार महिन्याला दोनशे डॉलर घ्यायची मुभा देत होतं, पण त्यावर जबर कर आणि इतक्या अटी की पुष्कळ लोक त्यातून आपोआप बाद व्हायचे. आपल्याकडची बाई जशी जमेल तसं गुंजभर सोनं करून ठेवते, तशा या बाई डॉलर करत होत्या.

बँकेत का नाही ठेवत, असं मी एकदा विचारलं. त्यांनी धडा मिटवला आणि २००१ सांगितलं. दहा वर्षं एक पेसो म्हणजे एक डॉलर, असा कायदाच होता. बाईंनी विश्वासाने डॉलरमध्ये ठेव ठेवली. डिसेंबर २००१मध्ये सरकारने खाती अडवली, आठवड्याला अडीचशेच काढता यायचे. त्याला 'कोर्रालितो' म्हणतात. पुढच्या वर्षी त्यांच्या डॉलरचे १.४० पेसोच्या हिशेबाने पेसो करून टाकले. बाजारात डॉलर काही महिन्यांतच तीन पेसोंच्या पुढे निघून गेला. बाईंच्या आवाजात राग नव्हता, तारीख मात्र एकही चुकली नाही. त्यानंतर मला फ्लोरिदावरच्या गर्दीत हाव कमी आणि हिशेब जास्त दिसायला लागला. तिथे घरांचे व्यवहारसुद्धा डॉलरच्या रोख गठ्ठ्यांवर होतात, आणि जे हे करतात ते चोर नाहीत. पगारदार आहेत, बेकरीवाले आहेत.

नवऱ्याच्या कामातही हीच दरी आडवी यायची. सोयाबीन निर्यात झालं की डॉलर मध्यवर्ती बँकेकडे जायचे आणि शेतकऱ्याच्या पदरात सरकारी भावाचा पेसो पडायचा, वर ३३ टक्के निर्यातकर. मग तो विकेल कशाला? पांढऱ्या लांबलचक पिशव्यांमध्ये सोयाबीन भरून शेतातच ठेवायचा. सप्टेंबर २०२२मध्ये सरकारने फक्त सोयासाठी दोनशेचा वेगळा भाव काढला, तेव्हा धान्य एकदम बाहेर आलं आणि नवरा रात्री-अपरात्री फोनवर. आपल्याकडे फोडणीत पडणाऱ्या तेलाची एक वाट अशी त्या पिशव्यांमधून जाते.

१३ ऑगस्ट २०२३ला राष्ट्राध्यक्षपदाच्या प्राथमिक निवडणुकीत विरोधी उमेदवार हाविएर मिलेई पुढे आले. दुसऱ्या दिवशी सरकारी भाव ३५० झाला आणि ब्लू उसळला. मी रंगाच्या दुकानात गेले होते, साधा पांढरा डबा हवा होता. दुकानदार म्हणाला, आज विकत नाही. घाऊकवाल्याने भावच दिलेला नाही, विकलं तर पुन्हा भरू कशाने? माल फळीवर, मालक काउंटरवर, आणि विक्री बंद. ओळखीची कुएवाही त्या दिवशी दार उघडत नव्हती. बाईंनी मात्र शिकवणी चुकवली नाही. आल्या, आणि औषधांच्या दुकानात आधी जाऊन आल्याचं सांगितलं.

आम्ही परतलो. त्या डिसेंबरात सरकारी भाव आठशे झाला, आणि एप्रिल २०२५मध्ये सामान्य माणसावरची डॉलरखरेदीची बंधनं बहुतांशी उठली. त्या आठवड्यात मी बाईंना फोन केला. फ्लोरिदावर अजून जाता का, म्हणून विचारलं. "आता बँकेतूनच घेते," त्या म्हणाल्या, "भाव जवळपास तोच आहे. घेते आणि दुसऱ्या दिवशी खिडकीवर जाऊन नोटा काढून घरी आणते."