आंजर्ल्याच्या पुळणीवरचे कासव

जानेवारीत प्रजासत्ताक दिनाला जोडून सुट्टी आली, म्हणून आम्ही मुलांना घेऊन दापोलीला नणंदेकडे गेलो. संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव पाहिला. होड्यांतून बैलगाड्यांवर उतरणारी मासळी, ओरडून पुकारलेले भाव आणि समोर पाण्यात उभा असलेला सुवर्णदुर्ग! रात्री खाडीपलीकडे आंजर्ल्याला मुक्काम केला.

फजरच्या नमाजनंतर आम्ही पुळणीवर फिरायला निघालो. नंदाव्यांचे चाचा सोबत होते. त्यांची उमेदीची सारी वर्षे होडीवर गेलेली. थोडे चाललो तोच धाकटा ओरडला, "अम्मी, ते बघ, हलतंय!"

नायलॉनच्या फाटक्या जाळ्याच्या गुंत्यात एक कासव अडकले होते. समुद्रात टाकून दिलेले जाळे त्याच्यासह वाहत आले असावे. पुढच्या वल्ह्यासारख्या पायात दोरी रुतून जखम झालेली, मान वाळूवर टेकलेली. थोरला धावला आणि पाय धरून त्याला पाण्याकडे ओढू लागला.

"सोड बेटा, सोड!" चाचा म्हणाले. "ओढलंस तर पाय निखळेल. आणि ते मासा नव्हे, आपल्यासारखीच हवा घेतं. आत्ता अंगात त्राण नाही. पाण्यात गेलं तर डोकं वर काढता येणार नाही त्याला."

मग थोडा वेळ थांबून त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. एकदा त्यांच्या जाळ्यात कासव आले. जाळे महागाचे, कापायला मन होईना. गाठी सोडवण्यात बराच वेळ गेला. निपचित पडलेले कासव त्यांनी बिस्मिल्लाह म्हणून पाण्यात सोडले. ते दगडासारखे खाली गेले. "चांगलंच करायला गेलो होतो, बेटा. पण ठाऊक नव्हतं," चाचा म्हणाले.

माझ्या नवऱ्याने वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन लावला. तोवर चाचांनी कुत्री हाकलायला मुलांना उभे केले. गर्दी जमू दिली नाही. तोंडाजवळ कुणाला हात नेऊ दिला नाही, कारण कासवाचा चावा जबर असतो. शरीराभोवतीचे सैल जाळे त्यांनी कात्रीने अंगापासून दूर धरून कापले. मांसात रुतलेली दोरी मात्र तशीच ठेवली. ते काम डॉक्टरचे. कासव पोटावरच राहू दिले, उलटे केले नाही. माझी ओढणी भिजवून त्याच्या पाठीवर टाकली, नाकपुड्या मोकळ्या ठेवल्या. खायला-प्यायला काही दिले नाही.

वनरक्षक आले आणि फळीवर उचलून त्याला उपचारासाठी घेऊन गेले. हे ऑलिव्ह रिडले जातीचे कासव असल्याचे त्यांनी सांगितले. थंडीच्या दिवसांत या माद्या कोकणच्या वाळूत अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. कायद्याने त्यांना संरक्षण आहे. आणखी एक गोष्ट कळली. अशा संरक्षित प्राण्याला सोडवण्यासाठी मच्छीमाराला जाळे कापावे लागले, तर डिसेंबर २०१८ पासून राज्य सरकार २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. त्यासाठी फोटो काढून ठेवावे लागतात. चाचा ऐकत होते. "आमच्या वेळी हे असतं तर..." एवढेच ते बोलले.

परतताना धाकट्याने विचारले, "अम्मी, सवाब मिळेल ना आपल्याला?" मी त्याला तहानलेल्या कुत्र्याची हदीस सांगितली. एका माणसाने विहिरीत उतरून मोज्यात पाणी भरले, ते तोंडात धरून वर आणले आणि कुत्र्याला पाजले. अल्लाहने त्याला माफ केले. स्वतःच्या तहानेवरून त्या माणसाने आधी ओळखले होते की, या जिवाला नेमके काय हवे आहे. दयेबरोबर ही समजही लागते.

तीन आठवड्यांनी चाचांचा फोन आला. जखम भरली होती आणि कासवाला त्याच पुळणीवरून समुद्रात सोडले होते. "या वेळी ते पोहत गेलं," चाचा म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता.