पसंतीची तीन ठिकाणे

कोल्हापूर जिल्ह्यात कुणी ‘मिलिट्रीत आहे’ म्हटले की ऐकणारा पायदळच गृहीत धरतो. त्यात नवल नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र शेजारी बेळगावात. प्रादेशिक सेनेची 109 वी मराठा बटालियन खुद्द कोल्हापुरात. आणि शिरोळ तालुक्यातल्या टाकळीचा तर घरटी एक माणूस फौजेत असा लौकिक की गावाच्या नावाआधी ‘सैनिक’ हे बिरूदच लागले. या जिल्ह्याला पलटण कळते, सुटीवर आलेला जवान कळतो. वायुदल मात्र नीटसे कळत नाही. आमचे वडील रजेवर गावी आले की पारावरची म्हातारी माणसे हमखास विचारीत, “इमान चालवतोस न्हवं?” वडील भांडारात होते. विमानांचे सुटे भाग मोजून ठेवणे, त्यांच्या नोंदी करणे आणि मागणी आली की ते काढून देणे हे त्यांचे काम. “व्हय, त्यातलंच,” एवढे म्हणून ते पावसापाण्याचा विषय काढीत.

पायदळ आणि वायुदल यांतला फरक केवळ जमीन आणि आकाश एवढाच नाही. पायदळातल्या पुष्कळ पलटणी प्रांतावरून वा समाजावरून ओळखल्या जातात. मराठा पलटणीत गेलेला शेतकऱ्याचा पोरगा सियाचीनमध्ये असला तरी मराठीतच भांडतो आणि मराठीतच जेवतो. त्याची बायकामुले बहुधा गावीच असतात, त्यामुळे घराची भाषाही जागची हलत नाही. वायुदलात प्रांतवार विभागणी नाही. एकाच शेडमध्ये पालघाटचा, आऱ्याचा आणि कागलकडचा अशी माणसे शेजारी शेजारी काम करतात. आणि क्वार्टर मिळाले की त्यांची बिऱ्हाडेही शेजारी शेजारी लागतात. दर तीन-चार वर्षांनी अख्खे घर उठते. अशा घरात वाढलेल्या मुलांची मराठी ही एका खोलीची भाषा असते. ती उंबऱ्याच्या आत बोलली जाते.

इथे ‘आम्ही’ या शब्दाविषयी थोडे. हा संपादकी ‘आम्ही’ नव्हे. आम्ही दोघी बहिणी, वयात दोन वर्षांचे अंतर. बिदर, तेजपूर, आदमपूर आणि सांबरा अशा चार तळांवर मिळून वाढलो. आमचे बालपण एकवचनात आठवतच नाही. शिवाय या शब्दातच आमची एक अडचण दडलेली आहे. मराठीत ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो आणि ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. हिंदीतल्या ‘हम’ला हा भेद ठाऊक नाही. तळावर सगळेच ‘हम लोग’ असत आणि फाटकाबाहेरचे सारे जग ‘सिव्हिल’. गावी गेलो की आजी म्हणे, “आपल्यात असं नसतंय.” या ‘आपल्यात’ नेमके कोण येते, हे आम्हांला दर उन्हाळ्यात नव्याने शिकावे लागे. वडिलांना आम्ही ‘पापा’ म्हणत असू. आमची चुलत भावंडे त्यांनाच ‘तात्या’ म्हणत. रजेचा महिनाभर आम्ही दोन्ही टाळून, नुसतेच जवळ जाऊन बोलत असू.

तळावरचे आयुष्य बाहेरून वाटते तितके शिस्तीचे नसते. ते तात्पुरते असते. आमच्या घरातला दिवाण म्हणजे दोन लाकडी खोकी. वर गादी, त्यावर आईने शिवलेला अभ्रा. अभ्रा उचलला की खोक्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेले वडिलांचे नाव, नंबर आणि हुद्दा दिसे. बदली आली की दिवाणाचे पुन्हा सामान होई. हुद्दा वाढला की जुन्या अक्षरांवर काळा रंग मारून नवी अक्षरे काढली जात. त्या काळ्या रंगाखालची जुनी अक्षरे तिरप्या उजेडात वाचता येत. झाडे लावायची ती आंब्याची नव्हेत, पपईची, कारण पपई वर्षात धरते. आई मात्र प्रत्येक अंगणात कढीलिंब लावी आणि त्याची पाने दुसऱ्याच कुणाला मिळत. त्यात तिला खंत वाटलेली आम्ही पाहिली नाही. आधीच्या बाईंनी लावलेला शेवगा आपण खाल्ला, हा तिचा हिशेब होता.

आमच्या शाळेचे नाव सगळीकडे एकच. केंद्रीय विद्यालयांची कल्पनाच मुळी आमच्यासारख्यांसाठी निघाली. 1962 मध्ये योजना मंजूर झाली आणि 1963-64 मध्ये पलटणींच्या 20 शाळा ताब्यात घेऊन तिची सुरुवात झाली. तेजपूरला अर्धवट राहिलेला धडा आदमपूरला पुढे सुरू व्हावा, हा तिचा हेतू. आणि तो पुरता साधला, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. हिंदी, इंग्रजी, संस्कृत आम्ही शाळेत शिकलो. मराठी शिकलो ती ‘किशोर’च्या अंकांवर. काका ते तीन-तीन महिन्यांचे एकत्र बांधून पोस्टाने पाठवीत. त्यामुळे क्रमशः छापलेली गोष्ट आम्हांला एका दुपारीच पुरी वाचायला मिळे.

तळावर काही मिळतही होते, हे न सांगणे अन्यायाचे होईल. तेजपूरला पहिल्या संक्रांतीला आईने तिळगूळ केला, तेव्हा तिला वाटले की इथे तो घेणार कोण? त्याच दिवसांत आसामात माघ बिहू असतो आणि त्यासाठी तिळाचे सारण भरलेला पिठा करतात. सिव्हिलमधून दूध घालायला येणाऱ्या बाईने आईचा लाडू हातात घेतला, वास घेतला आणि हसून तिच्या भाषेत काही म्हटले. दुसऱ्या दिवशी तिने पिठा आणला. हळदीकुंकवाला सहा प्रांतांच्या बायका आल्या. त्यांतल्या एकीलाही ‘गोड बोला’ हे म्हणता येत नव्हते. पण ते सर्वांना कळले होते. साहित्याच्या वर्गात पुढे ‘भारतीयत्व’ या विषयावर आम्ही पुष्कळ ऐकले. त्यातले किती ऐकण्यासारखे होते, हा प्रश्न वेगळा.

आदमपूरला 1999 चा उन्हाळा गेला. कारगिलवर 26 मे रोजी हवाई हल्ले सुरू झाले. खिडक्यांच्या काचांना तपकिरी कागद लावले होते. वडील भांडारातच झोपत. त्या दिवसांविषयी आम्हांला फारसे बोलता येत नाही; एवढेच आठवते की उडालेली विमाने परतताना पूर्ण ओळीतल्या बायका आवाज मोजत असत.

निवृत्ती जवळ आली आणि पसंतीचा कागद आला. बदलीसाठी आपल्या आवडीची ठिकाणे कळवण्याची सोय वायुसैनिकाला असते. मिळेलच असे नाही. पण शेवटच्या टप्प्यात घराजवळचे ठाणे मागावे, अशी रीत असते. घरासमोर तीन रकाने होते. कोल्हापुरात वायुदलाचा तळ नाही. राजाराम महाराजांच्या काळात, 1939 मध्ये सुरू झालेला उजळाईवाडीचा विमानतळ आहे. पण तो सिव्हिलचा. तेव्हा खरी नावे तीनच होती : पुण्याचे लोहगाव, नाशिकजवळचे ओझर आणि बेळगावचे सांबरा. वाद होता क्रमाचा.

आईचा कौल लोहगावला. तिचे म्हणणे सरळ होते : पोरींची कॉलेजे, ग्रंथालये, नाटके, आयुष्यभर घरात कोंडलेली मराठी एकदा रस्त्यावर ऐकू दे. वडील सांबऱ्याच्या बाजूचे. बेळगावहून कोल्हापूर सव्वाशे किलोमीटरच्या आत, शनिवारी निघून रविवारी रात्री परत येता येते; बांधावरच्या भानगडी निवृत्तीआधी मिटवता येतील. “आन् तिथंबी मराठीच की,” ते म्हणाले. ओझरच्या बाजूने कुणीच बोलले नाही. त्याला बिचाऱ्याला तिसरा क्रमांक न भांडता मिळाला. आम्हांला विचारले तेव्हा आम्ही म्हणालो, आदमपूर. मैत्रिणी तिथे होत्या, आणि पंजाबीत भांडण करायला आम्ही नुकत्याच शिकलो होतो. वडील हसले नाहीत. चष्मा काढून म्हणाले, “ते पसंतीत बसत न्हाई. आपण तिथलं न्हवं.” त्या रात्री आम्ही दोघींनी या ‘आपण’वर पुष्कळ वाद घातला, अर्थातच हिंदीत.

सांबरा मिळाले. सांबरा हे वायुसैनिकांच्या प्रशिक्षणाचे ठाणे. लढाऊ विमानांचा आवाज नाही, पहाटे कवायतीचा आवाज. आणि फाटकाबाहेर पाऊल टाकताच लक्षात आले की जिथे मराठी बिनघोर बोलता येईल म्हणून आम्ही आलो, तिथे ती बिनघोर नव्हतीच. 1956 च्या पुनर्रचनेत बेळगाव त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले. महाजन आयोगाने 1967 मध्ये ते तिथेच ठेवायला सांगितले. महाराष्ट्राने ते मानले नाही आणि 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. दुकानाच्या पाटीवर कोणते अक्षर वर, कोणते खाली, यावरून माणसे रस्त्यावर येत. कॉलेजातल्या मैत्रिणी 1 नोव्हेंबरला काळ्या फिती लावीत. आम्ही तीन प्रांतांत मराठी न बोलता सुखाने राहिलो होतो, हे त्यांना सांगण्याची सोय नव्हती. आमच्यापुढे तीन रकाने तरी आले होते. त्यांच्या आजोबांना कुणी कागदच दिला नव्हता.

शनिवारची एसटी निपाणी, कागल करीत कोल्हापूरला जाई. कागल म्हणजे आनंद यादवांचे गाव. 1987 ची त्यांची ‘झोंबी’ आम्ही बेळगावच्या वाचनालयातून आणली आणि पहिल्या वीस पानांतच अडखळलो. भाषा आमचीच होती. आमच्या गावापासून तासाभराच्या अंतरावरची होती. आणि कळत नव्हती. मग ती गावी नेली. आजीला वाचता येत नव्हते. आम्ही वाचायचे आणि तिने अर्थ सांगायचा, असा क्रम ठरला. मोटेचा नाडा कोणता आणि सोंदूर कोणता, थारोळे कुठे असते, धावेवरून बैल मागे कसे सरकतात, हे तिने खराटा आणि दोन तांबे घेऊन अंगणात दाखवले. शिकण्यासाठी बापाशी झगडणाऱ्या त्या पोराची गोष्ट ऐकताना ती मधेच म्हणाली, “ह्यो बा चुकीचा न्हाई. त्याला बैल दिसतोय फकस्त.” एवढे नेमके वाक्य या पुस्तकाविषयी आम्ही कुठल्याही चर्चासत्रात ऐकले नाही.

पुढे शिवाजी विद्यापीठात एम.ए. करताना नेमाड्यांचा देशीवाद अभ्यासक्रमात आला. साहित्याची मुळे भूमीत असावीत, हे तत्त्व आम्हांला ‘झोंबी’ वाचून झाल्यावर पटायला हवे होते, आणि बरेचसे पटलेही. तरी एक शंका सुटत नाही. मुळांचे रूपक झाडांना लागू पडते. ज्यांना सरकारी वॉरंटवर खोक्यांसह हलवले जाते त्यांचे काय? बदलीची नोकरी ही या जिल्ह्यातल्या हजारो घरांची खरीखुरी रीत आहे. ऊस जितका इथला, तितकीच तीही इथली. मग क्वार्टरच्या ओट्यावर सहा भाषांत निवडली जाणारी भाजी देशी की परदेशी? ग्रामीण कथेत फौजी येतो तो बहुधा सुटीवर : ट्रंक घेऊन येतो, भाऊबंदकी पाहतो, जातो. तो जिथे जातो तिथले घर आमच्या वाचनात क्वचितच आले. मराठी समीक्षेने ही अनुपस्थिती नोंदवली पाहिजे, असे आमचे मत आहे. ते घर मराठीत लिहायला लागणारी मराठी त्या घरात वाढलेल्यांना कितपत येते, हा प्रश्न अर्थात उरतोच.

आता ते घरही बदलते आहे. 2022 पासून वायुदलातली भरती अग्निवीरवायू म्हणून होते : चार वर्षे, अविवाहित, आणि त्यानंतर फार तर चारांतला एक कायम. सांबऱ्याच्या कवायतीच्या मैदानावर हीच मुले येतात. त्यांच्यापैकी बहुतेकांना दिवाणाची खोकी लागणार नाहीत.

आमच्यातली धाकटी वायुदलातल्याच घरात दिली. तिचे बिऱ्हाड सध्या तंजावरच्या तळावर आहे. तळ अलीकडचा, 2013 चा. पण गावात भोसल्यांची पावणेदोनशे वर्षे, सरस्वती महाल आणि मोडीची दप्तरे. बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 सालचा भोसले वंशाचा मराठी लेख कोरलेला आहे. तिचा मुलगा सातवीत आहे. हिंदीमुळे त्याला देवनागरी येते. त्याने तो लेख बोट फिरवत बराच वेळ वाचला आणि संध्याकाळी आम्हांला फोनवर सांगितले, “मावशी, पढ़ तो लिया, समझा कुछ नहीं।” मागून धाकटीचा आवाज आला, पुढच्या महिन्यात पसंतीचा कागद भरायचा आहे आणि पहिल्या रकान्यात काय लिहायचे यावर तिचे आणि दाजींचे अजून एकमत झालेले नाही. “तू सांग,” ती म्हणाली. आम्ही लोहगाव म्हणालो. ती म्हणाली, “आई पण हेच म्हणाली होती. पण ह्याच्यासाठी आजी कुठून आणू?”