मुंबईतील एक दिवस

सिद्धेश्वर एक्सप्रेसमधून दादरला उतरलो, तेव्हा अजून उजाडायचे होते. सास्तूर परिसरात वाढलेली चाळीस मुले-मुली, आम्ही तीन शिक्षक आणि वसतिगृहातून बांधून आणलेल्या भाकरी-चटणीच्या पिशव्या, असा आमचा लवाजमा होता. ‘तुम्हाला राज्याची राजधानी दाखवतो’ असे आम्ही वर्गात सांगितले होते. मुलांनी राजधानी म्हणजे समुद्र, एवढाच अर्थ घेतला होता.

तो समुद्र त्यांना चैत्यभूमीच्या पाठीशीच भेटला. ७ डिसेंबर १९५६ रोजी याच चौपाटीवर परमपूज्य बाबासाहेबांच्या पार्थिवाला अग्नी देण्यात आला. त्रिशरण-पंचशील होताच मुले लाटांकडे धावली. आमचे पाय मात्र स्तूपापाशीच थांबले. आमची आई दरवर्षी म्हणे, “औंदा तरी सहा डिसेंबरला मला दादरला ने.” कधी परीक्षा, कधी पैशांची अडचण, आम्हाला दरवर्षी कारण सापडत गेले. १९९३ साली मात्र आम्ही होकार दिला होता. त्या वर्षी ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी काय झाले, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. आई माळवदाखाली गेली. त्यानंतर आम्ही अनेकदा दादरला आलो, पण दरवेळी एकटेच आल्यासारखे वाटते.

हिंदू कॉलनीतील राजगृह बाबासाहेबांनी मुख्यतः ग्रंथांसाठी बांधले, हे ऐकताच एका मुलीने विचारले, “मग माणसांनी कुठं राहायचं?” त्याआधी परळच्या चाळीतील लहान खोल्यांत त्यांचा संसार आणि अभ्यास कसा मावत होता, हे तिला सांगितले. तिला ते अधिक पटलेले दिसले.

दुपारी लोकलने बोरिवली आणि तेथून कान्हेरी. एकाच डोंगरात शंभराहून अधिक लेणी! यज्ञश्री सातकर्णीच्या काळातील भव्य चैत्यगृहासमोर आम्ही बरेच बोललो, पण मुले रमली ती पोढींपाशी. डोंगरावरचे पावसाचे पाणी पन्हळींनी विहारालगतच्या टाक्यांत उतरवण्याची ही युक्ती टँकरमागे घागरी घेऊन धावलेल्या मुलांना समजावून सांगावी लागली नाही. मग इतिहासाच्या माणसाची खोड म्हणून आम्ही तेरही सांगितले. आपल्याच जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथील माल गाड्यांतून भडोचच्या बंदरात जाई, अशी नोंद ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे. तेथील त्रिविक्रम मंदिराची वास्तू मुळात विटांचे चैत्यगृह होती, असे अनेक अभ्यासक मानतात. “म्हणजे आपण पाहुणे न्हाई इथं,” एक जण म्हणाला.

सातवीतला एक विद्यार्थी चैत्यगृहाच्या खांबावर तळहात टेकवून उभा होता. भूकंपानंतर वीस वर्षांनी जन्मलेला, पण आजीकडून सारे ऐकलेला. “सर, भूकंप झाला तर हे पडंल का?”

हे रचलेले नाही, अखंड खडकातून कोरलेले आहे, त्यामुळे भिंतीसारखे विस्कटणार नाही, असे आम्ही सांगितले.

“मग आपली घरं तसली का न्हवती?”

त्याचे उत्तर देता देता बोरिवली स्थानक आले. गोल दगड आणि माती यांच्या जाड भिंती, त्यांना आतून सांधणारा लांब दगड नाही. ऊन आणि गळती टाळण्यासाठी माळवदावर वर्षानुवर्षे चढवलेले मातीचे थर. आमच्या घरावरचा शेवटचा थर आम्हीच आईला टोपल्या देत चढवला होता. रात्रीच्या गाडीत त्याने पुन्हा तेच विचारले, तेव्हा ही टोपल्यांची गोष्टही सांगायला घेतली. कल्याण येईपर्यंत तो झोपी गेला होता.