बिऱ्हाडाचे अंदाजपत्रक

मे महिना संपत आला, की नव्या मुंबईतील सोसायट्यांच्या फाटकांशी एक दृश्य हमखास दिसते. मालट्रक उभा असतो. गोधडीत गुंडाळलेले कपाट दोन हमाल जिन्यावरून जपून उतरवीत असतात. खुर्च्या, बादल्या, कुंड्या आणि देवघर रस्त्याच्या कडेला उन्हात ओळीने मांडून ठेवलेले असते. घरात असताना ज्या वस्तूंकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हते, त्या रस्त्यावर आल्या की एकाएकी पोरक्या दिसू लागतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे म्हणतात. माणसाचे बिऱ्हाड मात्र पाठीवर मावत नाही. त्याला गाडी लागते आणि गाडीला पैसे लागतात.

हे शहरच मुळी अशा बिऱ्हाडांनी वसवलेले. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, १९७३ साली वाशीच्या खाडीवर पूल झाला आणि १९९२ साली लोकल गाडी वाशीपर्यंत आली. मुंबईच्या चाळींतून कितीतरी कुटुंबे खाडी ओलांडून येथे आली. पण कोणाच्या येण्यामागे कोणाचे तरी जाणेही असते. या शहरासाठी आगरी-कोळी गावांची शेते गेली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी ज्या विमानतळाचे उद्घाटन झाले, त्यासाठी तर दहा गावांतील लोकांना आपली राहती घरे सोडावी लागली. कागदावर जमिनीचा भाव लिहिता येतो. अंगणातल्या झाडाच्या सावलीचा लिहिता येत नाही.

नेरुळमध्ये भाड्याच्या घरात राहणाऱ्या एका कुटुंबावर जाण्याची अशीच पाळी आली. वडिलांना नागपूरला नवी नोकरी मिळाली होती. सामान हलवण्याचा खर्च ज्याचा त्यानेच करायचा होता. घरात आई, वडील, आजी, सातवीतली मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ अशी पाच माणसे. वडिलांनी एक कोरी वही मुलीपुढे ठेवली आणि म्हणाले, "अंदाजपत्रक तू लिही. तुझं अक्षर चांगलं आहे."

नागपूर काही जवळ नाही. ठाणे जिल्ह्यातील आमणे येथून नागपूरपर्यंत जाणारा समृद्धी महामार्गच ७०१ किलोमीटर लांबीचा आहे आणि तो दहा जिल्ह्यांतून जातो. मुलीने एकामागून एक रकमा मांडल्या. मोठ्या ट्रकचे भाडे, पथकर आणि हमाली मिळून ३८,००० रुपये. खोकी, सुतळी आणि बांधाबांध ५,०००. वाटेत मोडतोड झाल्यास भरपाई मिळावी म्हणून विमा ३,०००. पाच जणांचा रेल्वेप्रवास ६,०००. नागपूरच्या घराची अनामत ४०,०००. नवी शाळा, गणवेश, पुस्तके १०,०००. शेवटी वडिलांनी एक ओळ सांगितली, "अकल्पित खर्च, ८,०००."

"अकल्पित, म्हणजे ज्याची कल्पनाच नाही, मग तो आधी कसा लिहायचा?" मुलीने विचारले.

"कशावर होईल ते ठाऊक नसतं, पण होणार एवढं नक्की ठाऊक असतं," आई म्हणाली.

बेरीज झाली १,१०,००० रुपये. घरातील शिल्लक होती ९०,०००. मुलीला त्यावर एक उत्तर सुचले. नेरुळच्या घरमालकाकडे आपली अनामत ६०,००० रुपये होती, ती आली की सारे भागेल! तेव्हा वडिलांनी तिला एक महत्त्वाची गोष्ट समजावली. ती अनामत घर रिकामे करून किल्ली दिल्यावर परत मिळणार होती. नागपूरची अनामत मात्र किल्ली घेण्यापूर्वी द्यायची होती. पैसा किती आहे एवढेच पाहून भागत नाही. तो केव्हा हाती येणार, हेही पाहावे लागते. विहिरीत पाणी भरपूर असले, तरी दोर पोहोचेपर्यंत घागर रिकामीच राहते.

वीस हजारांची तूट कशी भरावी? अंथरूण पाहून पाय पसरावे, हे खरे. येथे तर अंथरुणासकट सारेच कमी करायचे होते. मोठा पलंग, सोफा आणि जुने लाकडी कपाट विकले तर ११,००० रुपये येत होते. या तीन वस्तू गेल्या, की सतरा फुटी ट्रकऐवजी चौदा फुटी पुरत होता. त्यात ९,००० वाचत होते. तूट बरोबर भरून निघाली. मुलीने वहीत 'न्यायचे' आणि 'न्यायचे नाही' अशा दोन याद्या केल्या आणि ती वही घरभर फिरली. धाकट्याने आपल्या तुटक्या सायकलीसमोर 'न्यायचे' असे तीनदा लिहिले.

रात्री वही परत आली, तेव्हा 'न्यायचे' या यादीतील एका नावावर काट मारलेली होती. ते नाव होते पाटा-वरवंटा. हा पाटा आजीच्या लग्नात साताऱ्याकडून लालबागच्या चाळीत आला होता आणि चाळीतून नेरुळला. त्यावरची काट आजीच्याच हातची होती.

दुसऱ्या दिवशी ट्रकवाले सामान पाहायला आले. मुलीने त्यांना विचारले, "काका, दगडाचा पाटा नेला तर भाडं किती वाढेल?"

ते हसले. "काहीच नाही, पोरी. आम्ही भाडं घेतो ते अख्ख्या गाडीचं. घरसामानात आधी जागा संपते, वजन नाही. पाटा तर खाली सपाट पडून राहील, त्याच्यावर खोकी रचू."

मुलगी धावत स्वयंपाकघरात गेली. "आजी, तू पाट्याचं नाव का खोडलंस?"

"अगं, दगडाचं ओझं कशाला? उगाच तुझ्या बाबांना भुर्दंड."

वडील दारातच उभे होते. ते म्हणाले, "आई, विचारायचं तरी!"

"तुम्ही तरी कुठे विचारलंत?" आजी हसून म्हणाली.

घरात क्षणभर कोणी काही बोलले नाही. त्या अंदाजपत्रकात पथकर होता, सुतळीसुद्धा होती. पण आजीला काय हवे आहे, हे कोणीच विचारले नव्हते. काटकसरीची वेळ आली, की घरातले सर्वांत मुकाट माणूस सर्वांत आधी आपल्या गरजेवर काट मारते. ती काट कोणाला दिसत नाही, कारण तिच्यामुळे बेरीज बिघडत नाही. चांगला हिशेब करणाऱ्याने रकमांबरोबर अशा काटांकडेही पाहायला हवे. मुलीने ते नाव पुन्हा लिहिले आणि त्यापुढे मांडले : खर्च, शून्य.

नागपूरला ट्रक रिकामा झाला, तेव्हा सर्वांत आधी चढलेला पाटा सर्वांत शेवटी उतरला. तोवर अकल्पित खर्चाचे आठ हजार संपलेही होते. विदर्भाच्या उन्हाळ्यात कूलर लागतो, हे नेरुळच्या खाडीवाऱ्यात वाढलेल्या कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. मुलीने ती रक्कम वहीत लिहिली. आतून वरवंट्याचा ओळखीचा आवाज येत होता. आजी चटणी वाटीत होती आणि ते अनोळखी घर हळूहळू आपले वाटू लागले होते.