सात हजार दोनशे किलोमीटर

लंडन आणि मुंबई यांच्यातील हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर आहे. परदेशस्थ म्हणून हा आकडा आम्ही आजवर अनेकांना सांगितला. लंडनहून मुंबईस यायला विमानाला साधारण नऊ तास लागतात, परतताना तासाभराने अधिक. कारण उंचावरून वाहणारे पश्चिमी वारे येताना पाठीशी असतात, जाताना समोरून येतात. देशादेशांतील भांडणांनीही हा वेळ बदलतो. 2019 साली पाकिस्तानने आपली हवाई हद्द काही महिने बंद ठेवली, तेव्हा भारतातून पश्चिमेकडे जाणारी कित्येक विमाने वळसा घालून गेली. थोडक्यात, अंतर स्थिर असते, वेळ नसतो.

हे सारे आम्हांला ठाऊक होते. तरीही एका जानेवारीत दुपारी चार वाजता धाकट्या भावाचा फोन आला, तेव्हा ते ज्ञान फारसे उपयोगी पडले नाही. पुण्यात रात्रीचे साडेनऊ झाले होते. आई गेली होती. हुंदका ओसरल्यावर त्याने एवढेच विचारले, "दादा, किती वाजता पोहोचशील?"

आम्ही हिशेब मांडला. रात्री साडेनऊचे विमान, नऊ तासांचा प्रवास, शिवाय घड्याळ साडेपाच तास पुढे. म्हणजे मुंबईत दुपारचे बारा आणि पुण्यात घरी पोहोचेपर्यंत चार. पलीकडे काही क्षण शांतता होती. मग तो म्हणाला, "काका म्हणतात, दहाच्या पुढे ठेवणं बरं नाही."

12 जून 1891 रोजी गांधीजी लंडनहून बोटीने निघाले. आईला भेटण्याची ओढ घेऊन ते मुंबईस उतरले, तेव्हा त्यांना कळले की ते इंग्लंडमध्ये असतानाच ती वारली होती. थोरल्या भावाने बातमी लपवून ठेवली होती. 'सत्याचे प्रयोग'मधील हा प्रसंग विद्यार्थिदशेत वाचताना आम्हांला तो भाऊ निष्ठुर वाटला होता. आज तसे वाटत नाही. तार तेव्हाही होती. पण माणूस यायला सुमारे तीन आठवडे लागत, त्यामुळे त्याच्यासाठी थांबण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. पोहोचण्याची आशा नव्हती, म्हणून न पोहोचल्याचा दोषही कुणाच्या माथी येत नसे. विमानाने ती आशा दिली. आमच्या घरी त्या रात्री दहाची वेळ ठरवताना काकांना जो संकोच झाला असेल, तो या नऊ तासांनीच निर्माण केलेला होता.

दुसऱ्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी दहा वाजता समोरच्या पडद्यावर मुंबई पंधराशेच्या आसपास किलोमीटर दूर दिसत होती. शेजारचे गृहस्थ नाश्ता करीत होते. आम्ही घड्याळाकडे पाहत राहिलो.

घरी पोहोचलो तेव्हा आईच्या खोलीतील फरशी पुसून वाळली होती आणि भिंतीशी दिवा तेवत होता. भावाने विचारले, "विमानाला उशीर झाला का रे?"

आम्ही नाही म्हणालो. विमान अगदी वेळेवर आले होते.