भिंतीतली शेकोटी

चेन्नईत शेकोटी! तीही घरात, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दिसणारी! बेझंट नगरातल्या त्या घरात मुलानं हा बेत जेवणाच्या टेबलावर सांगितला, तेव्हा आजींच्या हातातला डाव पातेल्यातच थबकला. बाहेर मे महिना होता. पंखा पाचवर फिरत होता आणि तरीही प्रत्येकाची पाठ ओली होती.

आजींचं माहेर साताऱ्याकडचं. लग्नानंतर त्या मद्रासला आल्या आणि इथल्याच झाल्या. यजमानांनी हे घर १९८२ साली बांधलं. ते २०२१ मध्ये गेले, त्या वेळी मुलगा टोरांटोत होता. विमानं बंद असल्यानं त्याला येता आलं नाही. दोन वर्षांनी तो बायकोमुलीला घेऊन कायमचा परतला. घराला मागच्या बाजूनं दोन खोल्या वाढवायच्या असं ठरलं, आणि आजींची जुनी बैठकीची खोली आणि नवा हॉल यांच्यामधल्या भिंतीवर येऊन घोडं अडलं.

टोरांटोतल्या भाड्याच्या घरात तशी शेकोटी होती. दोन्हीकडून काच, मध्ये गॅसची ज्योत. स्वयंपाकघरातून दिसायची, बैठकीतूनही दिसायची.

आजींना कल्पना समजायला वेळ लागला नाही. "म्हणजे वैलाची चूल," त्या म्हणाल्या. "जाळ एक आणि तोंडं दोन. चुलीवर भाकरी, वैलावर आमटी. पण आमच्या चुलीवर निदान काही शिजायचं!"

मेस्त्रींना बोलावलं. (हा शब्द तमिळमध्येही आहे आणि आपल्याकडे कोकणातही, दोन्हीकडे तो पोर्तुगिजांकडून आला.) हे मेस्त्री काही वर्षं उटीला काम करून आलेले. त्यांनी भिंतीवर टकटक केलं, खिडकीतून येणारा समुद्राचा वारा पाहिला आणि हसू दाबलं. धुराडं ओढ घेतं ते आतली तापलेली हवा बाहेरच्या गार हवेपेक्षा हलकी असते म्हणून. फरक जितका मोठा आणि धुराडं जितकं उंच, तितकी ओढ जोरदार. उटीला जानेवारीच्या रात्री पारा शून्याच्या आसपास येतो, तिथं हे छान जमतं. चेन्नईत त्याच महिन्यात रात्रीचं तापमान विसाच्या खाली क्वचितच जातं. जाळ नुकता पेटलेला असताना धूर वर जायचा की खोलीत फिरायचा, याचा नेम नाही. त्यात शेकोटी दोन तोंडांची. धुराड्याचं माप दोन्ही तोंडांचा हिशेब धरून मोठं घ्यावं लागतं, आणि एका खोलीतून वारा आला की धूर थेट दुसऱ्या खोलीत. खिडक्या बंद कराव्यात तर एसी लावा. म्हणजे एकाच खोलीत जाळायचंही आणि गारही करायचं!

साहेबालाही हे कळत होतं. १८२२ च्या सुमारास जॉन सलिव्हननं उटीत दगडी बंगला बांधला, आणि पुढे मद्रासचं सरकारच उन्हाळ्यात तिकडे मुक्काम हलवू लागलं. शेकोट्या त्यानं वर डोंगरात ठेवल्या. खाली मद्रासला उंच छतं आणि रुंद व्हरांडे. या शहरानं ३१ मे २००३ रोजी ४५ अंश पाहिले आहेत. इथं शेकोटीची हौस करायची म्हणजे कमालच!

मुलानं मग विजेच्या शेकोटीचं चित्र मोबाइलवर दाखवलं. ज्योत दिसते, धूर नाही, हवी तर उष्णताही नाही. "म्हणजे नुसता देखावाच की," आजी म्हणाल्या, आणि तो विषयही संपला.

पण मुलगा भिंतीपाशी घुटमळतच राहिला. शेवटी बोलला, "बाबा गेले तेव्हा मी त्या शेकोटीपाशी फोन धरून बसलो होतो. पलीकडे ही दोघी दिसत होत्या, म्हणून बसू तरी शकलो. तू इथं एकटीच होतीस."

यावर कुणाला काही सुचेना. सून मात्र स्पष्ट बोलणारी. "आई, मोकळी भिंत मला नको. बंद करता येईल असं काहीतरी हवं. तुम्हाला वाईट वाटेल, पण..."

"वाईट कसलं? मलाही हवंय," आजी म्हणाल्या. "मी पहाटे साडेचारला उठते, रेडिओ लावते. मला कुणी सतत बघत राहिलेलं चालायचं नाही." खरं तर सुनेनं ते बोलायला धीर केला म्हणूनच आजींनाही बोलता आलं.

तेव्हा ठरलं ते असं : शेकोटीची जागा तीच, पण आत जाळ नाही. चार फूट रुंद, तीन फूट उंच आरपार खिडकी. भिंत वजन पेलणारी, म्हणून आधी टेकू दिले, वर काँक्रीटची तुळई बसवली, दोन्ही टोकांना नऊ नऊ इंच भिंतीत घुसवून, आणि ती पक्की झाल्यावरच खालच्या विटा काढल्या. बसता येईल अशा उंचीवर कडप्पा टाकला. सागवानी झडपा आल्या.

सुतारानं विचारलं, "कडी कुठल्या बाजूला?"

मुलगा आईकडे बघू लागला, सून जमिनीकडे.

"दोन्ही बाजूंना लाव," आजी म्हणाल्या.

जानेवारीत भोगीच्या पहाटे गल्लीत लोकांनी जुन्या चटया जाळल्या आणि धूर घराघरांत शिरला. आजींनी खिडक्या लावून घेतल्या. आठाच्या सुमारास पलीकडून झडपेवर टकटक झाली. त्यांनी आपल्या बाजूची कडी काढली, आणि भोगीच्या भाजीचं पातेलं कडप्प्यावर ठेवलं. नातीचे दोन हात आले, पातेलं पलीकडे गेलं.

झडप त्या दिवशी दुपारपर्यंत उघडीच राहिली. मग आजींना झोप आली, तेव्हा त्यांनी ती लावून घेतली.