क्रेनशॉ-स्लॉसनचा नाका

हल्ली गाणं विकत घेतलं असं कुणी म्हणत नाही. महिन्याचे पैसे भरले की सगळं संगीत फोनमध्ये. कॅसेटच्या डबीतला कागद उलगडून त्यावरचं बारीक अक्षर वाचत गाणी ऐकणाऱ्या आमच्यासारख्यांना म्हणूनच रॅपर निप्सी हसल फार जवळचा वाटतो.

लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागात क्रेनशॉ आणि स्लॉसन हे रस्ते जिथे एकमेकांना छेदतात, तो त्याचा नाका. जन्म १९८५चा, खरं नाव एर्मियास अ‍ॅस्गेडम, वडील एरिट्रियातून आलेले. पोरवयातच तो रोलिंग सिक्स्टीज टोळीत ओढला गेला. ते त्याने कधी लपवलं नाही. त्या काळात याच नाक्यावरच्या पार्किंगमध्ये तो आपल्या सीडी विकायचा. गिऱ्हाईक समोर, गायक समोर, नोट या हातातून त्या हातात.

२०१३ साली त्याची ‘क्रेनशॉ’ ही मिक्सटेप आली. इंटरनेटवर ती फुकट होती. तरीही त्याने हजार सीडी काढल्या आणि एकेकीची किंमत लावली शंभर डॉलर! लोकांनी मोजले. रॅपर जे-झीने एकट्याने शंभर घेतल्या. याला व्यापारी हुशारी म्हणतात, पण मला त्यात माया दिसते. गाणं आपलं वाटलं की माणसाला ते हातात हवं असतं.

२०१७मध्ये त्याच पार्किंगलगत ‘मॅरेथॉन क्लोदिंग’ हे त्याचं कपड्यांचं दुकान उघडलं. पुढे भागीदारांबरोबर त्याने ते दुकानसंकुलच विकत घेतलं. ३१ मार्च २०१९ रोजी दुकानासमोरच त्याला गोळ्या घालून मारलं. वय तेहतीस. दोन ग्रॅमी मिळाले ते त्यानंतर, २०२०मध्ये.

आता त्या चौकाला त्याचं नाव आहे. २०२२पासून तिथे मेट्रोही थांबते. नव्या पोरांना त्याची गाणी बोटाच्या एका स्पर्शाने मिळतात. मिळोत, छानच आहे. पण आजच्या नवख्या रॅपरला लाखो लोक ऐकतात आणि त्यांतला एकही चेहरा त्याला दिसत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. निप्सी आपल्या गिऱ्हाइकांना ओळखायचा. म्हणून तर पैसा हाती आल्यावर त्याने तुरुंगातून सुटलेल्यांना काम दिलं, आणि २०१८मध्ये आपल्याच वस्तीत ‘वेक्टर ९०’ उभं केलं. धंदा सुरू करू पाहणाऱ्यांना तिथे बसायला टेबल मिळायचं आणि पोरांना विज्ञान-तंत्रज्ञान शिकायला जागा.